हंगाम संपला तरी टोमॅटो हिरवेच? पिकत का नाहीत, सडतात का, आणि काय करायचं

बाग आवरायची वेळ आली की झाडावर हिरव्या टोमॅटोचे घोस लटकलेलेच असतात, टाकवत नाहीत, मग सगळे तोडून एका खोक्यात भरायचे, वर एक केळं ठेवायचं आणि वाट बघायची. तीन आठवड्यांनी खोकं उघडलं की काही लाल झालेत पण चव पाणचट, काही सुरकुतलेत, देठाशी काळी बुरशी धरलेले काही, आणि उरलेले दगडासारखे हिरवेच. पुढच्या वर्षी परत तेच. हा प्रश्न दर हंगामाला परत परत येतो म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो: दहातल्या सात-आठ वेळा घोळ खोक्यात नसतो, खोक्यात काय भरलं आणि ते तोडायच्या आधी किती थंडी खाऊन आलं यात असतो. केळ्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

आधी तपासा: पाडाला आलेत का कोवळे आहेत

टोमॅटो तोडल्यावर पिकतो हे खरं, पण कुठलाही टोमॅटो पिकतो हे खरं नाही. फळ आतून तयार झालं की ते स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडायला लागतं, त्या वायूने पिकण्याची चक्रं फिरतात आणि मग अजून इथिलीन सुटतं. फळ त्या टप्प्याला पोचलेलंच नसेल तर बाहेरून कितीही केळी लावा, फार तर रंग थोडा बदलेल, आतलं फळ तयार होणार नाही.

ओळखायचं कसं? पाडाला आलेला टोमॅटो त्या जातीच्या पूर्ण आकाराचा असतो, सालीला चकाकी येते, गडद हिरवा जाऊन फिकट, जरा पांढुरका हिरवा होतो आणि देठाच्या उलट्या टोकाला पांढुरकी चांदणी दिसायला लागते. कोवळा असेल तर तो मंद, गडद, एकदम कडक असतो. पण नुसत्या नजरेवर जाऊ नका, प्रत्येक झाडाचा एक टोमॅटो बळी द्या आणि आडवा कापा. बियांभोवती जेलीसारखा गर झालेला असेल आणि सुरी फिरवल्यावर बिया बाजूला सरकत असतील तर त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे पिकतील. सुरीने बियाच कापल्या गेल्या, आत गर नाही, नुसतं कोरडं पांढरट मांस आहे, तर त्या आकारा-रंगाचे टोमॅटो पिकवायच्या नादाला लागू नका, सरळ शिजवायच्या ढिगात टाका.

म्हणजे तोडतानाच तीन ढीग करा. टोकाला पिवळसर-गुलाबी झाक फुटलेले, पाडाला आलेले पण पूर्ण हिरवे, आणि कोवळे. या तिघांना एकत्र कोंबणं हेच निम्म्या तक्रारींचं मूळ आहे, कारण पहिल्या ढिगातले आठवड्यात पिकून मऊ पडतात आणि नासतात, तोवर दुसरे जेमतेम सुरू झालेले असतात.

आणि हो, हसू नका, पण जात कुठली लावली होती ते एकदा आठवा. काही जाती पिकल्यावरही हिरव्याच राहतात, ग्रीन झेब्रा त्यातलीच, पिकली की हिरव्यावर फक्त पिवळसर छटा येते आणि दाबल्यावर फळ किंचित लवतं. लोक महिनाभर लाल व्हायची वाट बघत बसतात आणि फळ आतून उतरून जातं. काही टिकाऊ संकरित जातींमध्ये पिकणं मुळातच संथ करणारं जनुक असतं, तिथे फक्त धीर धरायचा.

हिरवेच राहतात, पुढे सरकतच नाहीत

फळ पाडाला आलेलं होतं याची खात्री असेल तर मग टेम्परेचर बघा. अंदाजाने नाही, साधा थर्मामीटर खोक्याशेजारी ठेवून बघा, कारण आपल्याला जी खोली बरी वाटते ती रात्री किती उतरते ते आपल्याला माहीतच नसतं.

टोमॅटोला पिकायला १८ ते २१ अंश सेल्सिअस सगळ्यात मानवतं, तिथे पाडाला आलेला हिरवा टोमॅटो साधारण दोन आठवड्यांत लाल होतो. १३-१४ अंशांना तेच काम तीन-चार आठवडे घेतं, आणि हे वाईट नाही, उलट साठवायला हेच हवं असतं. १० अंशांच्या खाली मात्र पिकणं जवळजवळ थांबतं, आणि नुसतं थांबत नाही तर फळ बिघडतं. याला थंडीची इजा म्हणा. यात लबाडी अशी की थंडीत असेपर्यंत फळ अगदी छान दिसतं, बाहेर उबेत आणलं की मग रंग येतो तो डागाडागाने, गर पिठूळ होतो, सालीवर खड्डे पडतात आणि काळी बुरशी शिरते. म्हणून हिरवा टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. थोडे दिवस पण नाही.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते: ही इजा साठत जाते, आणि झाडावरच्या रात्रीही त्यात धरल्या जातात. हवेत गारठा आला, रात्री सलग १० अंशांच्या खाली जायला लागल्या, तरी आपण "अजून थोडे मोठे होऊ देत" म्हणून आठवडाभर थांबतो, मग तोडतो, मग खोलीत नीट २० अंशांना ठेवतो आणि तरी पिकत नाहीत. नुकसान खोक्यात येण्याआधीच झालेलं असतं. अंदाज बघा, ओळीने थंड रात्री दिसायला लागल्या की चांदणी फुटलेले सगळे तोडून घ्या. हिमच पडलं असेल आणि फळ काचेसारखं पारदर्शक, पाणी भरल्यासारखं दिसत असेल तर ते फळ गेलं, ते चांगल्यांच्या खोक्यात घालूच नका.

पिवळे-नारिंगी होतात आणि तिथेच अडकतात

हे उलटं दुखणं, उष्णतेचं. टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य म्हणजे लायकोपीन, ते साधारण ३० अंशांच्या वर नीट तयारच होत नाही, पण पिवळं-नारिंगी कॅरोटीन तयार होत राहतं, त्यामुळे फळ पिवळट होऊन बसतं. हीटरशेजारचा कोपरा, फ्रीजच्या डोक्यावरची जागा, बंद गाडी, पत्र्याची शेड, अशा ठिकाणी हे होतं. थंड जागी हलवा, बऱ्याचदा परत लाल व्हायला लागतात.

खिडकीत उन्हात ठेवायची सवय तर सगळ्यांनाच. पिकायला उजेड लागत नाही. अजिबात नाही, अंधाऱ्या कपाटातही टोमॅटो लालबुंद होतो. उन्हाने फक्त एक बाजू तापते, तो भाग पांढरट-पिवळा आणि कडक राहतो, दुसरी बाजू मऊ पडते. खिडकीत थेट ऊन येत नसेल तर ठेवा, नुकसान नाही, समोर राहतात त्यामुळे लक्ष जातं एवढाच काय तो फायदा. देठाजवळचा भाग हिरवा-पिवळा कडक आणि खाली लाल असं फळ झाडावर असल्यापासूनच दिसत असेल तर तेही उन्हाचं आणि जातीचं काम आहे, घरात ते सुधारत नाही, तेवढा भाग कापून टाका.

केळं, सफरचंद आणि पिशवी

केळं काम करतं, पण कशासाठी ते समजून घ्या. पिकलेलं केळं किंवा सफरचंद इथिलीन सोडतं, आणि पाडाला आलेल्या फळाला त्याने धक्का मिळतो. मोठ्या पिकवण खोल्यांमध्येही हेच करतात, २० अंशांच्या आसपास टेम्परेचर ठेवून हवेत १०० ते १५० पीपीएम (म्हणजे दहा लाखात १००-१५० भाग) इथिलीन सोडतात. म्हणजे गॅससोबत टेम्परेचर लागतंच, गार कपाटातल्या पिशवीत केळं घालून काही होत नाही.

पिशवी कागदाची घ्या. प्लास्टिकच्या बांधलेल्या पिशवीत टोमॅटोचाच दमटपणा थेंब होऊन बसतो आणि बुरशीची सोय होते, शिवाय फळ श्वास घेतं त्याचा कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो आणि तो पिकणं उलट मंद करतो. म्हणजे घट्ट बंद डब्यात गॅस कोंडून पटकन पिकतील हा हिशोब चुकतो. कागदी पिशवीत पाच-सहा टोमॅटो, एक केळं, तोंड नुसतं दुमडायचं, रोज एकदा उघडून बघायचं.

पण सगळ्या साठ्यात केळं घालू नका! हंगामाच्या शेवटी आपल्याला ते एकदम पिकायला नकोच असतात, थोडे थोडे पिकत राहायला हवेत. केळं फक्त या आठवड्यात लागणाऱ्यांसाठी. दुसरं म्हणजे चिंबलेलं, जखम झालेलं फळही जास्त इथिलीन सोडतं, त्यामुळे खोक्यात एक नासका राहिला की तो बुरशी तर पसरवतोच वर शेजारच्यांना घाईने पिकवतो.

कार्बाइडच्या पुडीचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्यातून निघतो तो अॅसिटिलीन, आणि त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. घरच्या फळाला ते लावायचं काही कारण नाही.

सुरकुततात

कोवळे असतील तर ते सुरकुतणारच, तो इलाजाचा विषय नाही. पाडाला आलेले सुरकुतत असतील तर हवा कोरडी आहे किंवा जागा गरम आहे. टोमॅटोच्या सालीला पानांसारखी रंध्रं नसतात, आतलं पाणी जातं ते बहुतेक देठाच्या खुणेतून. म्हणून फळं देठाची बाजू खाली करून ठेवा, आणि एकेक फळ पेपरमध्ये गुंडाळा. पेपर ओल धरतो पण जास्त झाली तर शोषून पण घेतो, आणि एकाची बुरशी दुसऱ्याला लागायला वेळ लागतो. हवेत ८५-९० टक्के दमटपणा असला तर उत्तम म्हणतात पण घरात ते मोजत बसायची गरज नाही, फळ सुरकुतलं तर कोरडं, पेपर ओला लागला तर दमट, एवढं पुरे.

गुंडाळण्यात एकच त्रास, आतलं दिसत नाही, उघडून बघायचा कंटाळा येतो आणि मग नासलेलं वासाने कळतं. मला स्वतःला गुंडाळण्यापेक्षा खोक्यात एक थर, वर पेपर, परत एक थर, वर पेपर, बस, हे बरं वाटतं. दोनच्या वर थर नको, खालचे चिंबतात.

सडतात

इथे कुठली सड आहे ते बघणं महत्त्वाचं, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर खापर फुटतं.

फळावर तपकिरी, तेलकट, ओबडधोबड चट्टे, सुरुवातीला कडकच, आणि झाडाची पानंही काळपट करपून गेली होती, तर तो उशिराचा करपा आहे. तोडताना फळ स्वच्छ दिसलं तरी रोग आत शिरलेला असू शकतो आणि चार-आठ दिवसांत खोक्यात चट्टे उमटतात. करपा आलेल्या झाडाची फळं वेगळ्या खोक्यात, एकमेकांना न चिकटवता ठेवा, रोज बघा, आणि ती आधी संपवा. ती लांबच्या साठ्यासाठी धरूच नका.

देठाच्या खुणेवर किंवा तडकलेल्या जागी काळी मखमली बुरशी, खाली खड्डा, हे बहुतेक वेळा थंडी खाल्लेल्या फळावर येतं. त्याचा इलाज वर सांगितला तोच, लवकर तोडा.

पाणी होऊन फुटतात, आंबूस घाण वास येतो, तर जखमेतून जंतू शिरलेत. आणि ही जखम बहुतेक आपणच केलेली असते: देठाचं टोक शेजारच्या फळात घुसतं, ओढून तोडताना साल फाटते, बादलीत टाकताना आपटतं. एका थरात ठेवणार असाल तर देठ राहू द्या, नाहीतर हलक्या हाताने काढून टाका. दव वाळल्यावर, फळ कोरडं असताना तोडा.

धुवायचं की नाही यावर वाद चालतो. माझं म्हणणं, माती नसेल तर धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचेच असतील तर पाणी फळापेक्षा किंचित कोमट घ्या. ऊन खाल्लेलं गरम फळ गार पाण्यात बुडवलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं, पाण्यातले जंतूही सोबत जातात. बाहेरून लखलखीत धुतलेला टोमॅटो आतून सडतो तो असा. धुतल्यावर पूर्ण वाळवा, देठाच्या खळगीत पाणी राहतं तिथे जास्त लक्ष द्या.

मग ठेवायचे कसे

हवेशीर पुठ्ठ्याचं खोकं किंवा टोपली. डागी, तडकलेले, किडीने पोखरलेले आधीच बाजूला. रंग फुटलेले एका खोक्यात, खोलीच्या टेम्परेचरला, ते आठवड्याभरात येतील. पूर्ण हिरवे पाडाचे दुसऱ्या खोक्यात, घरातल्या सगळ्यात गार पण १३ अंशांच्या खाली न जाणाऱ्या जागी. दोन-तीन दिवसांनी एकदा सगळे हाताखालून घालायचे, रंग फुटलेले पहिल्या खोक्यात सरकवायचे, मऊ पडलेले काढायचे. अढी लावून विसरून गेलं असं इथे चालत नाही. असं हलवत राहिलं तर हंगाम संपल्यावरही महिना-दीड महिना घरचे टोमॅटो मिळत राहतात.

अख्खं झाड मुळासकट उपटून उलटं टांगायचा प्रकार बरेच जण करतात. चालतो, पण खोक्यापेक्षा चांगला असं मला काही वाटत नाही, जागा खातो, पिकलेली फळं खाली पडून फुटतात आणि पानांवर रोग असेल तर तोही घरात येतो. उद्या हिम पडणार आहे आणि एकेक तोडायला वेळ नाही तेव्हा मात्र ही युक्ती कामाची, तेव्हा बिनधास्त उपटा.

पिकले, पण चव नाही

थोडं मान्य करावं लागतं. साखर पानांत तयार होऊन फळात येते, फळ तोडलं की ती वाट बंद. त्यामुळे हिरवा तोडलेला टोमॅटो उन्हात झाडावर पिकलेल्यासारखा होणार नाही, कुठलंही फळ शेजारी ठेवा. पण झाडावरच टोकाला रंग फुटल्यावर तोडला तर फरक फारच थोडा राहतो. म्हणून शक्य तितके त्या टप्प्यापर्यंत झाडावर राहू द्या, अट एकच, रात्री फार थंड नकोत.

उरलेली चव आपण फ्रीजमध्ये घालवतो. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पिकलेले टोमॅटो ५ अंशांना आठवडाभर ठेवले की वास-चवीची द्रव्यं बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढून दिवसभर ठेवलं तरी ती द्रव्यं पूर्ण भरून येत नाहीत, एक ते तीन दिवसांत मात्र तसं झालं नाही. म्हणजे पूर्ण पिकलेला, आता नासेल असा टोमॅटो दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवला तर काही बिघडत नाही. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर थेट फ्रीझरमध्ये टाका, अख्खेच गोठतात, नंतर कोमट पाण्याखाली धरले की साल निघून येते. गर मऊ होतो त्यामुळे शिजवायलाच वापरायचे.

कोवळ्यांचं काय

शिजवा. हिरव्या टोमॅटोत टोमॅटिन नावाचं द्रव्य असतं, त्याने कडवटपणा येतो आणि फळ पिकेल तसं ते कमी होतं. भाजीपुरत्या खाण्याने चिंता करायचं कारण नाही, पण फारच कडू लागला तर टाकून द्या, आणि पानं-देठ खायचे नाहीत. चिरून गोठवले तरी चालतात.

बाटलीबंद करून महिनोन्‌महिने ठेवणार असाल तर तिथे अंदाजपंचे नको. टोमॅटोची आम्लता ४.६ पीएचच्या काठावर असते (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा ४.६ च्या वर गेला की बंद बाटलीत घातक जंतू वाढू शकतात), त्यामुळे बाटलीत लिंबाचा रस किंवा सायट्रिक अॅसिड घालावंच लागतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीला एक टेबलस्पून विकतचा बाटलीबंद लिंबूरस असं प्रमाण आहे. हिरवे टोमॅटो जास्त आंबट असतात पण खोक्यात पिकलेले-अर्धे पिकलेले मिसळले की भरवसा नाही. हिमाने मेलेल्या किंवा वाळलेल्या झाडाची फळं बाटलीबंद करायला वापरायची नाहीत, त्यांची आम्लता कमी झालेली असू शकते. ती ताजी शिजवा किंवा फ्रीझरमध्ये टाका.

पुढच्या वेळी ढीगच कमी व्हावा म्हणून

फूल लागल्यापासून फळ पाडाला यायला साधारण सहा आठवडे, वर लाल व्हायला एक-दोन आठवडे. म्हणजे हंगाम संपायला महिना-सव्वा महिना उरला की उमलणाऱ्या फुलांचा काही उपयोग नाही. तेव्हाच शेंडे खुडा, नवीन फुलं आणि सुपारीएवढी फळं काढून टाका, पाणी कमी करा. झाडाची ताकद असलेल्या फळांकडे वळते. जीवावर येतं हिरवंगार झाड छाटायला, पण तो शेंडा ठेवला तर त्याच्यावरचं सगळं तिसऱ्या ढिगातच जाणार असतं.